दोन बोटं माया

६ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

तुझं खोकं पोचलं. ते जिना चढवून आणताना पोस्टमनला धाप लागली, आणि आत काय आहे ते कळल्याशिवाय तो पाणी प्यायला तयार होईना. सायकलचा चिमटा आहे, पुढचं चाक धरतो तो, म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. बहुतेक टीव्ही असेल असं वाटलं होतं त्याला.

फोन का केला नाहीस, असं विचारशील. बाबा शेजारच्या खोलीत असतात, मधली भिंत प्लायची आहे आणि त्यांचे कान अजून विशीतले आहेत. शिवाय फोनवर तू अर्ध्या वाक्यात भडकतोस. पत्रात माणसाला निदान वाक्य पुरं करावं लागतं.

बाबांनी खोकं स्वतः उघडलं. मला सुरीसुद्धा लावू दिली नाही. चिमटा बाहेर काढून त्याच्या दोन्ही पायांतल्या स्प्रिंगा दाबून बघितल्या, मग तो खिडकीपाशी नेला आणि किती तरी वेळ नुसते न्याहाळत बसले. मी म्हटलं, "काय झालं? बरोबर नाही का?" तर म्हणाले, "चांगला माल आहे." एवढंच. पण तू दुकान सोडून गेल्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून तुझ्याबद्दल या घरात निघालेला हा पहिला चांगला शब्द. म्हणून मुद्दाम कळवते.

बसवलाही त्यांनीच, कोपरेवाल्याला हाताशी घेऊन. (आपलं सायकलचं दुकान आता तो चालवतो. बाबांचे पान्हे अजून त्याच खिळ्यांवर आहेत.) जुना चिमटा दुकानातल्या भंगाराच्या ढिगात गेला. त्याला खांद्याशी चीर गेलेली, तो जपून करायचं काय? सायकल आता अशी ऐटबाज दिसते की शेजारची पोरं वळून बघतात. खड्ड्यांतून मनगटांना हादरे बसत नाहीत, असंही बाबा म्हणाले.

हे झालं गोड. आता दुसरं.

आईला टेकडीवरच्या शुश्रूषागृहात ठेवल्यापासून बाबांचा एक दिवस चुकलेला नाही. कालव्याच्या कडेने जायचं, पूल ओलांडायचा, चढ चढायचा आणि फाटकाशी घंटी वाजवायची. तू आईला या अवस्थेत पाहिलेलं नाहीस. बोलणं गेलंय, माणसं ओळखते की नाही सांगता येत नाही, दिवसभर डोळे मिटून खुर्चीत असते. पण त्या घंटीला ती डोळे उघडते. तेवढ्यासाठी बाबा जातात. बस दिवसातून दोनदा, तीही लांबच्या रस्त्याने जाऊन चढाच्या पायथ्याशी सोडते. तेव्हा ती सायकल म्हणजे बाबांचं काय आहे, हे मी तुला सांगायला नको.

गेला आठवडाभर ते उशिरा परततात. परवा आले ते सायकल भिंतीला टेकवून पायरीवरच बसून राहिले. मी पाणी दिलं. म्हणाले, "डोकं हलकं लागतंय गं. चढावर तर फारच."

आईचं दुखणं असंच सुरू झालं होतं, आठवतं? आधी डोकं हलकं, मग भोवळ, मग एक दिवस न्हाणीघरात पडली ती पडलीच. बाबांना मी अजून काही बोलले नाही. काय करू ते लगेच लिही.

तुझी ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. पाठ धरली आहे, म्हणून उभ्यानेच घातला असं समज.

"चांगला माल आहे" असं खरंच म्हणाले? ते वाक्य मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचणार होतो, तेवढ्यात खालचं वाचलं.

ताई, तू कमाल करतेस. सत्तरी उलटलेला माणूस सांगतो की चढावर डोकं हलकं होतं, आणि तू पोस्टाने विचारतेस की काय करू? डॉक्टरकडे ने! नाही म्हणाले तर तुझं बीपी तपासायचंय म्हणून सोबत ने आणि आत गेल्यावर त्यांना खुर्चीत बसव. आणि सायकलला कुलूप घाल. चिडतील, आदळआपट करतील, करू देत. चिडलेले बाबा परवडले. पुलावर वाहनांच्या गर्दीत भोवळ येऊन पडलेले नाही परवडणार.

मी इथे गिऱ्हाइकांच्या सायकली पुसत बसलोय आणि डोळ्यांसमोर सारखा तो पूल येतोय. यावंसं वाटतं. पण आलो आणि त्यांनी दार उघडून नुसतं बघितलं, तर? शेवटी बोललो तो दिवस तुझ्यासमोरच झाला. मी म्हणत होतो, नव्या सायकली ठेवू, शॉकअपवाल्या ठेवू, पोरांना तेच हवंय. त्यांनी पान्हा आपटला आणि म्हणाले, "स्प्रिंगा लावून कोणाला सायकल येत नाही." मीही त्यांना काय काय बोललो ते तुला पाठ असेल. लहानपणी मी रडायला लागलो की हवा गेली म्हणायचे आणि मला "पंक्चर" हाक मारायचे. त्या वेळी किती राग यायचा! आता कोणी मारत नाही ती हाक.

बघ ना, इतक्या वर्षांनी त्यांनी माझ्या स्प्रिंगा लावून घेतल्या आणि त्याच महिन्यात त्यांचं डोकं हलकं व्हावं. याला म्हणतात नशीब.

चिमट्याबद्दल आणखी काही म्हणाले का? सहज विचारतो. तू पाठवलेल्या मापाचा तंतोतंत मिळाला नाही, म्हणून मी एक नंबर वरचा घेतला. स्प्रिंगेला खेळही जरा जास्त आहे, त्यांच्या मनगटांसाठी. कमी पडण्यापेक्षा जास्त असलेलं बरं.

डॉक्टर काय म्हणतात ते लगोलग कळव.

तुझा धाकटा

२३ फेब्रुवारी

धाकट्या,

उशीर झाला, रागावू नकोस. आधी पुरतं वाच.

बाबा पडले. हाड मोडलेलं नाही. कोपर सोललंय आणि कपाळावर टेंगूळ आहे. टेकडीचा उतार संपतो त्या वळणावर पडले. भाजीची हातगाडी आडवी आली, ब्रेक दाबला, आणि म्हणे, "डोकं एकदम खाली गेलं." पुढचं त्यांना आठवत नाही की सांगायचं नाही, कोण जाणे. हातगाडीवाल्यानेच त्यांना घरी आणून सोडलं. सायकल मात्र त्याच्या हातात दिली नाही. स्वतः धरून लंगडत आले.

डॉक्टरीणबाईंकडे त्याआधीच नेऊन आणलं होतं. बीपी ठीक, साखर ठीक, कानांत बघितलं तेही ठीक. बाबांना त्यांनी विचारलं, "काय त्रास होतो?" तर बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "काही नाही." मग मीच सगळं सांगितलं. गेल्या काही दिवसांत ते जे जे बोललेत ते मी मनात टिपून ठेवलं होतं. हळू जाताना डोकं आपोआप एका बाजूला पडतं. चढावर हलकं होतं, जागेवर राहत नाही, इकडेतिकडे भरकटतं. बसल्यावर पाठ मागे ओढली जाते. थांबलं की पाय जमिनीला नीट लागत नाहीत. हे मी सांगत होते तेव्हा बाबा खुर्चीत हळूहळू ताठ होत गेले. तोंड उघडलं, मग मिटलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "तू हे सगळं माझ्या डोक्याबद्दल सांगितलंस होय?" मी म्हटलं, "मग कुणाच्या?" तर म्हणाले, "बरं बरं. दे ती गोळी." आणि गुमान घेतात. बाबा आणि गुमान गोळी घेणं! मला त्यांच्या चक्करेपेक्षा या शहाणपणाची धास्ती वाटायला लागलीय.

पडल्यानंतर मी सायकलला कुलूप घातलं. किल्ली ब्लाउजच्या कापडांच्या गठ्ठ्यात लपवली. बाबांनी कुलूप एकदा ओढून बघितलं. दुसऱ्या दिवशी पायी गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा घोटे सुजून पायजम्याच्या शिवणीला लागले होते. तिसऱ्या दिवशीही गेले. नर्सने मला निरोप पाठवला की आजोबा येऊन बसतात, पण घंटी नाही, त्यामुळे आजी डोळे उघडत नाहीत. बाबा तिच्यासमोर बसून राहतात आणि उठून येतात.

हे ऐकून मी शिवणाच्या मशीनवरच डोकं ठेवून रडले. पण रडून काय होणार? सायकल घरात दिसते तोवर त्यांचा जीव तिच्यात अडकणार. म्हणून मी कोपरेवाल्याला सांगितलंय, शनिवारी येऊन घेऊन जा आणि कुणालाही दे. मला नंतर कळलं नाही तरी चालेल. आईकडे मी त्यांना बसने नेत जाईन, जमेल तेव्हा. रोज जमणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

मी चुकत असेन तर शनिवारच्या आत लिही. नाहीतर मग लिहू नकोस.

ताई

२७ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार राहू दे. हे पत्र उभ्या उभ्या वाच आणि पहिल्यांदा कोपरेवाल्याला थांबव.

डोकं कुणाचं?

तुझं पत्र वाचून मी इथे काउंटरवर ओरडलो. गिऱ्हाईक बिचारं घाबरून सायकल टाकून गेलं. अगं, दुकानात बाबा सायकलच्या पुढच्या भागाला डोकं म्हणतात! हँडल बसतं ती नळी आणि तिच्यात फिरतं ते सगळं, हँडल-चिमट्यासकट. "डोकं घट्ट झालंय, तेल दे." "डोकं खडखडतंय." एकदा एका गिऱ्हाइकाला म्हणाले, "तुमचं डोकं ढिलं आहे, उद्या या," तर तो माणूस बाह्या सरसावून उठला होता. तू तेव्हा शिवणाच्या क्लासला असायचीस, तुला हे ठाऊक असायचं कारण नाही. मला होतं. आणि पहिल्याच पत्रात तू लिहिलं होतंस, तरी मला उमगलं नाही. मी त्यांच्या मेंदूला कुलूप घालायला सांगत बसलो.

आता तुझ्याच भाषेत सांगतो. तू कोटाचा पुढचा भाग दोन-तीन बोटं लांब कापलास आणि मागचा तसाच ठेवलास, तर काय होईल? नुसता पुढे लोंबेल का? नाही. गळा वर चढेल, खांद्यावरचे मुंढे मागे जातील, माणसाला वाटेल आपली पाठच वाकडी आहे. सायकलचं तेच. चिमटा लांब झाला की पुढचा भाग वर उचलला जातो आणि आख्खी फ्रेम मागच्या चाकावर कलते. खुर्ची मागच्या दोन पायांवर कलंडवावी तशी. मग सीटही मागे कलते, पाठ ओढली जाते. हँडल वर आणि जवळ येतं. पेडलांची जागा उंच होते, म्हणजे सीटही जमिनीपासून वर, म्हणून पाय टेकत नाहीत. चिमटा पुढे तिरका झाला की हळू जाताना हँडल आपल्या मनाने एका बाजूला पडतं, आणि भार मागे गेल्यामुळे चढावर पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं. तू डॉक्टरीणबाईंना जे जे सांगितलंस, ते सगळं सायकलला झालंय.

आणि सर्वांत वाईट ते उतारावर. स्प्रिंगेचा चिमटा पुढचा ब्रेक दाबला की खाली दबतो. बाबा काडीसारखे, त्यांच्या वजनाने तो एरवी दबतच नाही, पुरा उंच राहतो. आणि ब्रेक दाबल्यावर सगळी उंची एकदम खाली जाते. "डोकं एकदम खाली गेलं" ते हे. त्यांना जन्मभर ताठ चिमट्याची सवय.

म्हणून, सायकल कुणाला देऊ नकोस. पण त्यांना चालवूही देऊ नकोस, उतारावर तर मुळीच नाही. हातगाडी होती म्हणून टेंगळावर निभावलं. तिथे ट्रक असता तर?

एक सांग. माप कसं घेतलंस? मी एक नंबर वरचा घेतला हे खरं, पण तेवढ्याने एवढं होत नाही.

आणि मला हे कळत नाही, की त्यांना कळलं कसं नाही? त्यांना?

तुझा धाकटा

१ मार्च, शनिवार

धाकट्या,

हे पत्र शुश्रूषागृहाच्या व्हरांड्यात बसून लिहितेय. आई शेजारी खुर्चीत आहे, डोळे मिटून. बाबा नाहीत.

क्रमाने सांगते. सकाळी मी गिऱ्हाइकाकडे कोटाचं माप घ्यायला गेले. परत आले तर कोपरेवाला दारात उभा आणि भिंतीपाशी सायकल नाही. नुसतं कुलूप लोंबतंय. ते कुलूप बाबांनीच आपल्या दुकानातून आणलेलं, दुसरी किल्ली कुठे असते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. कोपरेवाल्याला वाटलं मीच सायकल हलवली. आम्ही एकमेकांकडे बघत उभे असताना पोस्टमन तुझं पत्र घेऊन आला.

मी ते जिन्यातच वाचलं. "ट्रक असता तर" इथपर्यंत आले आणि पत्र घडी न घालताच पिशवीत कोंबलं. तशीच बस पकडली. बस त्या लांबच्या रस्त्याने रखडत गेली. प्रत्येक थांब्याला कोणीतरी सावकाश पिशव्या घेऊन चढे आणि मला त्या पिशव्या खिडकीतून फेकून द्याव्याशा वाटत. चढ जवळजवळ पळत चढले. वाटेत वळणावर काचा दिसल्या, दोन्ही हातांनी तोंड दाबून बघितलं, तर सोड्याची बाटली होती. इथे आले तर नर्स म्हणते, "आजोबा अजून आले नाहीत."

ते माझ्या आधी निघालेत. सायकलने. मग कुठे आहेत?

पुन्हा खाली जाणार होते, पण नर्स म्हणाली, चुकामूक होईल, इथेच थांबा. हाताला काही चाळा नसला की माझा जीव जातो. शिवण आणली नाही, म्हणून तुला लिहितेय. अक्षर लागलं नाही तर समजून घे.

माप कसं घेतलं ते सांगते. तू कळवलं होतंस की चाकाच्या आसापासून वर खांद्यापर्यंत मोज. मी टेप लावली ती वळणावरून, बाही मोजतो तशी, कारण जुना चिमटा खालून वाकलेला होता. आणि मग वर दोन बोटं माया धरली. धाकट्या, आमच्या धंद्यात माया, म्हणजे शिवणीत जास्तीचं कापड, सोडतातच. कमी पडलं तर कापड कुठून आणायचं? माया शिवणीत दडून राहते, माणूस सुटला की उसवून काढता येते. मी कोणाच्याही मापात दोन बोटं माया धरते, हात आपोआप तसा जातो. आणि हे तर बाबांचं होतं. लोखंडात माया दडत नाही, हे मला कुठे माहीत होतं? वरून तुझा एक नंबर, त्यावर तुझा जास्तीचा खेळ. दोघांनी मिळून त्या म्हाताऱ्याला चांगला उताणा पाडला.

अजून आले नाहीत. फाटकापर्यंत जाऊन आले. उतारावर एक ट्रक वीट भरून चाललाय, त्याच्या मागे धूळ आहे, काही दिसत नाही.

आईचा हात धरला. गार आहे. हिला मी काय सांगू?

(नंतर)

आले!

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी खाली मान घालून लिहीत होते आणि सहज बघते तर आईचे डोळे उघडे. सरळ फाटकाकडे बघत होती. मग मला घंटी ऐकू आली.

मी धावले. बाबा फाटकाशी, सायकलवर, घामाने निथळत. आणि त्यांच्या मागे रस्त्याच्या धुळीत मला दिसलं ते सांगते. चाकाच्या खुणेशेजारी चपलांच्या खुणा होत्या, दूरवर खालपर्यंत. ते सायकल ढकलत आले होते. आख्खा पूल, आख्खा चढ. फाटकाशी तेवढी टांग टाकली आणि घंटी वाजवली.

मी म्हटलं, "बाबा, डोकं कुणाचं हलकं? तुमचं की सायकलचं?"

ते सायकलवरून उतरले आणि म्हणाले, "पंक्चरने लिहिलं वाटतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"खोकं उघडलं तेव्हाच."

"मग बसवलात कशाला? बोललात का नाही? मी तुम्हाला गोळ्या चारल्या! पडलात तुम्ही!"

"पहिल्यांदा तुला सायकलचंच सांगत होतो. तू माझं डोकं समजलीस. डॉक्टरांसमोर कळलं मला ते. म्हटलं, राहू दे. माझं डोकं बिघडलं म्हटलं तर कोणाला वाईट वाटत नाही, वय झालं म्हणतात. सहा वर्षांनी पोराने काही पाठवलं, तेही चुकलं म्हणून कसं कळवू? तो पुन्हा कधी काही पाठवील का?" मग सीटवर हात ठेवून म्हणाले, "पडलो त्या दिवशी तेवढा उतारावर बसलो होतो. घाई झाली होती. एरवी ढकलतच नेत होतो, हे सांगणार होतो, तर तू कुलूपच घातलंस."

मी त्यांना इतकं बोलले, इतकं बोलले, की नर्स बाहेर आली. आणि मग त्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले. माझं डोकं, सायकलचं नाही.

परत येताना सायकल तिथेच नर्सच्या स्वाधीन केली. बसने आलो. बाबा खिडकीशी बसले आणि झोपले.

ताई

७ मार्च

ती. ताईस,

पत्र मिळालं. दुकान बंद करून मागच्या खोलीत जाऊन वाचलं, बरं झालं.

लिहायला खूप होतं, सगळं फाडलं. कामाचं तेवढं लिहितो. ताठ चिमटा बघून ठेवलाय, जुन्यासारखाच, खालून वाकलेला. जुना चिमटा भंगाराच्या ढिगातून शोधून काढ, पण या वेळी माप वळणावरून नको. आसाच्या मध्यापासून खांद्याच्या खालच्या कडेपर्यंत सरळ, काठीने घे. आणि माया धरू नकोस, हात बांधून घे वाटल्यास. माप आलं की त्याच दिवशी पोस्टाने चिमटा पाठवतो. कोपरेवाला बसवील.

माझा तो चिमटा भंगारात दे. त्यांना म्हणावं, पोरगं शिकतंय अजून.

मी येण्याबद्दल तू लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही. त्यांना गोळ्या चालल्या, पण माझी चूक माझ्या तोंडावर सांगता आली नाही. मग मी तिथे येऊन त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने उभा राहू?

आईने डोळे उघडले ते वाक्य मात्र मी वेगळं काढून ठेवलंय.

तुझा धाकटा

१४ मार्च

चि. पंक्चर,

आशीर्वाद आहेतच, ते काही टाकीतून गळत नाहीत. मनगट दुखतं, थोडक्यात लिहितो.

चिमटा पोस्टाने पाठवू नकोस. वाटेत वाकतो. घेऊन ये.

तुझ्या मालात खोट नाही. माझ्या सायकलला तो लांब होता, एवढंच. हे मी तुला पहिल्या दिवशी कळवलं असतं तर तू तो परत न्यायला आला नसतास, दुसरा पाठवला असतास, नाहीतर पाठवणंच बंद केलं असतंस. म्हणून बसलो त्याच्यावर. गोळ्या गोड होत्या, पण तेव्हा तरी बोलायला हवं होतं. ताईला फार त्रास दिला मी. तिने मला बोलून घेतलंय, तू आणखी बोलू नकोस.

तुझा चिमटा भंगारात दिलेला नाही. कोपरेवाल्याच्या माळ्यावर एक फ्रेम आहे. शॉकअपसाठीच बनवलेली, पुढून तेवढी उंची धरलेली. तू गेलास त्याच वर्षी आणली होती. तुझ्या उंचीची आहे. पण शॉकअप विकत घ्यायला काही माझा हात पुढे झाला नाही. स्वतःच्या तोंडाने शिव्या दिलेल्या, मग ती तशीच राहिली. सायकल परत आणल्यावर काल तुझा चिमटा काढून तिला लावला. डोकं जागेवर बसलं.

माझ्या जुन्या चिमट्याचं माप या कागदाच्या मागे आहे. ताईने माझ्यासमोर काठीने घेतलं. दोन बोटं वर जात होती, मी तिचा हात धरला.

तोवर आम्ही बसने जातो. घंटी काढून खिशात नेतो. फाटकाशी वाजवली की काम होतं, तिला सायकल कुठे दिसते? तरी पायी गेलेल्या माणसाने घंटी वाजवायची म्हणजे लोक बघतात.

तू आलास की चढ दोघे चढू. मी पुढे राहीन, तुला घाई असते. फाटकाशी तू जरा मागे थांब आणि घंटी मला वाजवू दे. तिने डोळे उघडले की मी बाजूला होईन. मग तू समोर ये.

बाबा